पास्टर स्टेजवरून उतरले तेव्हा

"सलीमभाई, आवाज कमी नका करू!" सभेचे आयोजक सॅमसनसर स्टेजखालून हातवारे करून ओरडत होते. अन् पास्टर याकोब प्रवचन अर्ध्यात सोडून, शर्टाला लावलेल्या कॉलर माइकसकट, पायऱ्या उतरून गर्दीत निघालेले.

मी साउंडवाला. कीर्तन असो, इज्तेमा असो, लग्नाची वरात असो, आपल्याला सगळं सारखं. पण एक गोष्ट सगळीकडं पाळावी लागती. माइक स्पीकरच्या पुढं गेला की स्पीकरचा आवाज माइकात शिरतो, तोच परत स्पीकरातून निघतो, अन् अशी शिट्टी वाजती की बस्स. आम्ही त्याला फीडबॅक म्हणतो.

छावणीतलं मैदान, संध्याकाळची वेळ, खुर्च्या गच्च भरलेल्या. पास्टर योना संदेष्ट्याची गोष्ट सांगत होते. आमचे यूनुस नबी तेच, म्हणून मीबी कान देऊन होतो. चाळीस दिवसांत निनवे शहर धुळीला मिळणार, असा देवाचा हुकूम योनानं सुनावला. राजा गादीवरून उतरून राखेत बसला. अख्ख्या शहरानं तौबा केली, अन् येणारा कहर टळला.

"त्यांना चाळीस दिवस तरी मिळाले," पास्टर म्हणाले, अन् एकदम गप. मला वाटलं, माइकची बॅटरी गेली. मिक्सर बघितला, सगळं बरोबर. हेडफोनात नुसता त्यांचा श्वास.

मग ते बोलले. "माझं नि रूथअक्काचं भांडण होतं. आई आजारी पडली तेव्हा मी अक्काला सांगितलं, आई तुझं तोंड बघणार नाही म्हणती. आईला सांगितलं, अक्काला यायला वेळ नाही. दोन्ही खोटं होतं. आई दाराकडं बघत बघत गेली. अक्काला हे आजवर ठाऊक नाही. ती तिकडं शेवटच्या ओळीत बसलीय. अन् मी तुम्हाला पश्चात्ताप करा म्हणतोय! मला उद्याचा दिवस मिळंल, याचा काय भरवसा?"

अन् निघालेच. या अल्लाह, म्हटलं, निनवेचा राजा असाच उतरला असंल का?

ते स्पीकरपुढं येणार, तेवढ्यात मी आवाजाची सरकती खिट्टी पार खाली ओढली.

"काय केलं हे!" सॅमसनसर धावत आले. "लोकांना ऐकू यायला पाहिजे, रेकॉर्डिंगपण चालू आहे!"

"सर, शिट्टी वाजंल. थांबा जरा."

पास्टर अक्कापुढं मातीत गुडघ्यावर बसले. आता स्पीकर बंद असला तरी हेडफोनात मला सगळं ऐकू येतं. "अक्का," एवढं ऐकलं, अन् हेडफोन काढून मिक्सरवर ठेवला. भावाबहिणीच्या मधी मी कोण?

अक्का लई वेळ हललीच नाय. त्यांच्याकडं बघंबी ना. मग तिनं शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलली अन् मांडीवर घेतली. पास्टर उठून त्या खुर्चीत बसले.

प्रवचन तिथंच संपलं. लोक घरी जातानाबी हळू आवाजात बोलत होते.

"नेमकं तेवढंच रेकॉर्डिंगमध्ये नाही!" मी वायर गुंडाळत होतो तेव्हा सॅमसनसर म्हणाले.

"सर, जिनं ऐकायचं, तिनं ऐकलं."

अजूनबी कुणाला कॉलर माइक लावताना मी बजावतो, "हे लावून स्पीकरपुढं जायचं नाय." मनात मात्र म्हणतो, जावंच लागलं तर माफी मागायला जा. शिट्टीचं मी बघतो.