पारोशा तोंडाची तपासणी

त्या वर्षी मी देवाशी अबोला धरला होता. मी मुळातच तोंडाळ, त्यामुळे माझा अबोला म्हणजे काय ते घरच्यांना ठाऊक होतं. कारणही तसंच होतं. आमचं घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखातलं; आमचे हे तिथल्या मेलकावेरीच्या शाळेत मास्तर. मार्गळी महिन्याच्या थंडीत त्यांना जो खोकला लागला, तो उन्हाळा तापला तरी हटेना. दुपार कलली की अंगात कणकण, वर्गाचा जिना चढला की धाप. अडुळसा झाला, मिऱ्यांचा काढा झाला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात. आमच्या घरातली सुंठ संपली, खोकला होता तिथेच. आमची लहानगी मुलगी त्यांच्या कुशीशिवाय झोपत नसे. तिला तिथे निजलेलं बघितलं की मनात येई, हा क्षय तर नसेल?

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि झाकणाची एक लहान बाटली दिली. सकाळी उठल्याबरोबर खाकरून जो बेडका पडेल तो तिच्यात आणायचा. तो काचेवर पसरून, रंग चढवून, क्षयाचे जंतू दिसतात का ते यंत्राखाली बघायचे. मी देवाला साकडं घातलं, काही निघू देऊ नकोस. काही निघालं नाही. मी पायसम करून नैवेद्य दाखवला. पुढे पुन्हा तपासणी झाली, पुन्हा काही नाही, पुन्हा पायसम. डॉक्टर म्हणाले, दमा असावा, तरी तंजावरला नेऊन छातीचा फोटो काढा. पण तेवढ्या प्रवासाचं ह्यांच्यात त्राण कुठे होतं? सदरा खांद्यावरून लोंबायला लागला होता. देव माझं ऐकतोय आणि तरी माणूस हातचा चाललाय, मग त्याच्या ऐकण्याचा उपयोग काय? तेव्हापासून तो अबोला.

अशाच चिडीत एका एकादशीला गोविंदपुरमला गेले. तिथल्या स्वामींच्या अधिष्ठानापाशी, म्हणजे समाधीपाशी, नाम अखंड चाललेलं असतं. मी नाम घेतलं नाही, खांबाला टेकून नुसती रडत राहिले. शेजारी एक पोक्त बाई येऊन बसली. कुठल्याशा लांबच्या क्षयाच्या इस्पितळात नर्स होती, रजेवर बहिणीकडे आली होती आणि बस चुकली म्हणून सावली बघून टेकली होती. "काय झालं अम्मा?" तिने तमिळमध्ये विचारलं. परक्या माणसापाशी मन मोकळं करणं सोपं जातं. मी सगळं सांगून टाकलं. तिने सांत्वन केलं नाही, उलट विचारलं, "बाटलीत थुंकायच्या आधी ते काय करतात?"

"काय करणार? दात घासतात, मिठाच्या गरम पाण्याने गुळण्या करतात. मग स्नान, संध्या, तुळशीचं तीर्थ. त्यानंतर परसात जाऊन थुंकतात. पारोशा तोंडातलं कुणाला कसं द्यायचं?"

आमच्या घरात स्नानाआधीचा वेळ दिवसात धरतच नाहीत, तर उठल्याबरोबर म्हणजे कधी हे आम्ही डॉक्टरांना कशाला विचारू?

"अय्यो अम्मा," ती म्हणाली, "रात्रभर साठलेलं सगळं गुळण्यांबरोबर मोरीत गेलं. डॉक्टरांकडे नुसती धुतलेली लाळ पोचली."

तिने घराचा पत्ता विचारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच ती आमच्या दारात हजर. हे नुकते जागे झाले होते. तोंड न धुता, परक्या बाईपुढे, घरात बसून थुंकायचं म्हटल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी विनवलं, रागावले. पण मास्तर हट्टाला पेटले की घोडं अडलंच. तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. सोवळ्यात त्यांच्याइतकं कडक आमच्या गल्लीत कोणी नव्हतं. आता नर्सलाच बाहेर काढतात की काय, असं मला वाटलं.

"कां रे," त्या म्हणाल्या, "गोविंदपुरमांत नाम घेतांना सोवळें विचारतांत कीं? निजल्या जागीं, पारोशा तोंडीं घेतलेलें नाम देवास चालतें, तर तुझा खोकला कोणास विटाळतो? काढ अस्कें बाहेर, कांहीं आंत ठेवूं नको."

हे उठून बसले. नर्सने त्यांच्या पोटाशी उशी देऊन पुढे वाकवलं, तळहाताची ओंजळ करून पाठीवर थापट्या मारल्या. "अण्णा, पोटातून. आणखी पोटातून." खोकून खोकून त्यांचे डोळे पाण्याने भरले. शेवटी जे आलं ते दाट, पिवळं होतं, त्यात रक्ताचा धागा होता. सासूबाईंनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला.

जंतू निघाले. ज्याची धास्ती घेतली तेच निघालं, आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून मी हमसून रडले. पण ते रडणं सुटकेचं होतं. त्या आठवड्यातच सुया सुरू झाल्या. नर्सने जाण्याआधी मला सगळं शिकवलं. थुंकीच्या डब्यात फिनेल घालायचं, ती जाळायची, भांडी वेगळी उकळायची, उशाला उंची द्यायची, अंथरूण उन्हात टाकायचं. मुलीला मी आडुतुरैला भावाकडे पाठवलं. ती रडत गेली, पण गेली.

हे बरे व्हायला वर्षावर काळ गेला. शाळेत पुन्हा रुजू झाले, मुलगी धडधाकट घरी आली. त्या नर्सला देवाने धाडलं की चुकलेल्या बसने, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. बस कोणी चुकवली, एवढंच कधी मनात येतं, आणि माझे हात जोडले जातात.

मी दोनदा मागितलं आणि दोन्ही वेळा मला तेच मिळालं. त्या मिळण्याने माझं कुंकू गेलं असतं, कदाचित लेकही. मी नको नको म्हणत होते तेच देवाने तिसऱ्यांदा दिलं, आणि माझं घर वाचलं. त्यामुळे आता त्याच्यापुढे बसले की हे दे, ते देऊ नको, असं सांगायचं मी सोडून दिलं आहे. जे असेल ते दाखव आणि ते बघायचं बळ दे, एवढंच म्हणते.