बोटभर अंतर

शाझलीने चहा पेल्याबाहेर ओतला, तेव्हाच वहीबाला कळलं की नवऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. पण काठीच्या खेळात पार किना शहरापर्यंत नाव असलेला माणूस, कबूल करील तर ना! "पेलाच सरकला," म्हणाला. तीस वर्षांच्या संसारात पेले कधी सरकले नव्हते.

"लग्नाला चला, पण काठी घरी ठेवा," ती म्हणाली.

"मग तिथे काय, कांदे चिरू?"

या खेळात डोकं फोडणारा जिंकत नाही. डोक्यापाशी काठी नेऊन बोटभर अलीकडे थांबवतो, तो जिंकतो. आणि ते बोटभर अंतरच शाझलीला आता दिसत नव्हतं.

दुपारी उसाच्या कडेला सनई-ढोल वाजू लागले. बायका गच्चीवर जमल्या. रिंगणात उतरला रिफाई. त्याच्या बापाचा खून शाझलीच्या भावाने केलेला. अकरा वर्षांमागे शाझलीच अनवाणी, हातांवर स्वतःचं कफन घेऊन, जीव हवाली करायला त्यांच्या दारी गेला, तेव्हा कुठे समेट झाला. आता रक्ताचा एक थेंब सांडला, की पुन्हा दोन्ही घरांत मयती.

रिफाईने काठी कपाळाला लावली. "या काका, एक डाव होऊ द्या."

नाही म्हणणं म्हणजे समेटावर थुंकणं. शाझली उतरला.

"म्हातारा रंगात आलाय गं तुझा!" शेजारीण म्हणाली. नवरा नुसत्या कानांवर खेळतोय, हे एकट्या वहीबालाच दिसत होतं. काठ्या गरगरल्या, खणखणल्या. इतक्यात रिफाईने थट्टेने काठी खाली घेऊन डोकं बिनबचाव ठेवलं. शाझलीची काठी वर गेली आणि खाली आली, फार वेगात.

"अरे, पैगंबरांवर सलाम पाठवा!"

ही हाक आली की काठी असेल तिथे थांबते. पण हाक द्यायची ती पंचांनी. गच्चीवरून बाईने कधी दिली नव्हती. ढोलवाला वाजवायचा विसरला. काठी थांबली होती. रिफाईने पांढऱ्याफटक चेहऱ्याने फेटा चाचपला. "शिकलो, काका," एवढंच बोलला.

परतताना शाझलीने विचारलं, "कोण गं ती वेडी?"

"असेल कोणीतरी."

थोडं चालून तो थांबला. "किती राहिलं होतं?"

"बोटभर," वहीबा म्हणाली. रिफाईचा फेटा दबलेला तिने पाहिला होता.

त्याने काठी तिच्याकडे दिली आणि भर रस्त्यात, लोकांदेखत, तिचा खांदा धरला.