चौऱ्याहत्तरातले अंदाज

सिस्टरचा हात मनातलं ऐकतो, असं ऑपरेशन थिएटरमधले सगळे म्हणायचे. बावीस वर्षं त्या टेबलाशी उभ्या राहून सर्जनच्या हातात हत्यारं देत होत्या. सर्जननी तळहात पुढे करायचा अवकाश, हवं ते हत्यार त्यात पडलेलं असायचं. पण शेवटची तीन-चार वर्षं या कौतुकामागचं कारण एकट्या सिस्टरना ठाऊक होतं. त्यांचे दोन्ही कान हळूहळू चालले होते. बाहेर ओठांवरून बोलणं कळायचं, पण थिएटरमध्ये प्रत्येकाच्या तोंडावर मास्क. मग कुठल्या ऑपरेशनात कशानंतर काय लागतं, याच्या जोरावर त्यांनी निभावून नेलं. सगळा अंदाजपंचे कारभार. नवऱ्यालासुद्धा ताकास तूर लागू दिली नाही.

एक दिवस सर्जन म्हणाले, "थांब." सिस्टरनी लांब कात्री पुढे केली.

काही बिघडलं नाही. सर्जननी कात्री बाजूला ठेवली आणि विचारलं, "आज लक्ष कुठंय?" हेही सिस्टरना त्यांच्या भुवयांवरून कळलं. त्याच संध्याकाळी त्या मेट्रनसमोर बसल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

पुढे उजव्या कानात इम्प्लांट बसवलं. कानामागे यंत्र लावून ते पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा पत्र्यावर खडे ओतल्यासारखा आवाज आला. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. रोज सकाळी तो पाठ करून बसायचा आणि मोठ्यानं पेपर वाचायचा. सिस्टरनी ऐकलेलं परत म्हणायचं.

"अहो, तुम्ही बदकासारखं बोलताय."

"तीस वर्षं झाली लग्नाला, आज कळलं होय?"

बदकाचा हळूहळू माणूस झाला. आठ महिन्यांनी तपासणीची तारीख आली. हॉस्पिटलच्या समितीनं आकडा ठरवून दिला होता. गोंगाटातली वाक्यं ऐकून शंभरातले सत्तर शब्द बरोबर आले, तरच सिस्टर टेबलाशी परत.

तपासणीची खोली छोटी होती, भिंतींना जाड फोम. दार लागलं आणि बाहेरचं जग कापून टाकल्यासारखं झालं. समोर एक स्पीकर. काचेपलीकडे ऑडिओलॉजिस्ट मुलगी, वय असेल सव्वीस-सत्तावीस. तिनं सिस्टरच्या डाव्या कानात बोळा घातला होता आणि सांगितलं होतं, "मी बोलताना तोंडासमोर हे कापड धरणार. वाक्य आलं की जसंच्या तसं म्हणा. एखादा शब्द नाही कळला तर सोडून द्या."

मुलीनं शांततेत म्हटलेली वाक्यं बरी गेली. मग स्पीकरमधून पाठीमागे माणसांची गर्दी बोलायला लागली, लग्नाच्या हॉलमध्ये असावी तशी. त्या गर्दीतून एक बाई वाक्यं म्हणत होती. आवाज यायचा, निसटायचा, शेपूट तेवढं हातात राहायचं.

"आजीनं... पेटीत पत्र टाकलं."

मुलीनं खूण केली. पुढचं वाक्य. पुढचं. अशी वीस झाली. सिस्टरच्या मानेची शीर ठणकत होती. काचेपलीकडे मुलीनं बेरीज केली, पुन्हा केली आणि दार उघडून हसत आत आली.

"चौऱ्याहत्तर!"

सिस्टरनी डोळे मिटले. बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला हाक मारायला त्या उठल्याही. पण पाय अडले.

"ते पत्राचं वाक्य, त्यात 'पेटीत' होतं ना?"

"हो, बरोबर होतं."

"मला नाही ऐकू आलं ते."

मुलगी गोंधळली. "पण तुम्ही म्हणालात की."

"पत्र पेटीतच टाकतात म्हणून म्हणाले. अशी सात-आठ तरी असतील. अर्धं कानानं, अर्धं डोक्यानं. टेबलाशी शेवटची तीन-चार वर्षं हेच करत होते मी."

मुलगी खाली बसली. "सिस्टर, अंदाज सगळेच बांधतात. चांगल्या कानाची माणसंसुद्धा. ही तपासणी तेवढं गृहीत धरते. तुम्ही पास आहात. कागदावर हाच आकडा जाणार."

"टेबलावरच्या माणसाला कागदाचं काय? माझा कान किती आणि डोकं किती, ते वेगळं काढता येतं का?"

मुलीनं आकड्याचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाली, "येतं. पण त्या वाक्यांना अर्थच नसतो. तिथे अंदाज चालत नाही. आकडा पडेल."

"लावा."

पुन्हा दार बंद. पुन्हा गर्दी. आणि त्या गर्दीतून वाक्य आलं, निळ्या मांजरानं काहीतरी शिवली. टोपी? पिशवी? सिस्टरचं डोकं सवयीनं धावायला लागलं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"निळ्या मांजरानं... शिवली. मधलं नाही आलं."

भिंत शिवली होती म्हणे. एकेक वाक्य असंच, डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसानं लिहिल्यासारखं. "नाही आलं," हे दोन शब्द सिस्टरनी आयुष्यात कधी म्हटले नव्हते इतक्या वेळा त्या अर्ध्या तासात म्हटले. दर वेळी जीभ जड व्हायची.

एकावन्न.

समितीसमोर त्यांनी दोन्ही आकडे ठेवले. सर्जन वैतागले. "चौऱ्याहत्तर आहेत ना, मग हा दुसरा कागद आणलाय कशाला?" सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही नेहमीचं बोलता तेव्हा मला चौऱ्याहत्तर ऐकू येतात. अचानक वेगळं बोललात की एकावन्न. आणि टेबलाशी जीव जातो तो वेगळ्या वेळीच."

सिस्टरना रिकव्हरीत टाकलं. ऑपरेशन झालेले पेशंट तिथे शुद्धीवर येतात. पहिले काही दिवस त्या घरी आल्या की कानामागचं यंत्र काढून ठेवत. नवऱ्यानं एकदाच विचारलं, "चुकलं असं वाटतंय का?" त्या म्हणाल्या, "रोज वाटतं."

दुसऱ्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेला एक म्हातारा शुद्धीवर येताना पुटपुटायला लागला. शेजारची नर्स म्हणाली, "पाणी मागतायत. ओठ ओले करते." सिस्टरनाही पाणीच वाटलं. शुद्धीवर येणारा माणूस दुसरं काय मागणार? पण ऐकू आलं होतं ते 'प' आणि शेवटची 'ई', एवढंच. मधलंही आलं नव्हतं, पुढचंही.

"थांब जरा. काका, परत सांगा."

पुटपुट.

"नाही आलं. आणखी एकदा."

"अगं, किती छळतेस त्यांना," नर्स म्हणाली. सिस्टर यंत्राचा कान म्हाताऱ्याच्या तोंडाशी घेऊन वाकल्या. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. शेवटी आलं.

"पट्टी... घट्ट."

सिस्टरनी पांघरूण उचललं. पायाची बोटं निळसर, गार पडलेली. "डॉक्टरांना बोलव, पळ," त्या ओरडल्या. डॉक्टर आले, पट्टी कापली. बोटांत रंग परतायला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं सिस्टर बोटांवर नजर रोवून उभ्या होत्या आणि दर मिनिटाला हात लावून बघत होत्या.

वर्षानं अर्थ नसलेल्या वाक्यांत त्यांना त्रेसष्ट आले. मुलगी म्हणाली, "आणखी एक वर्ष द्या, सत्तर होतील." सिस्टरनी पुढची तारीख लिहून घेतली. टेबलाशी परतायचा अर्ज मात्र त्यांनी केला नाही. रिकव्हरीत त्या दिवशी तीन पेशंट शुद्धीवर यायचे होते, म्हणून नवऱ्याला एकट्याला घरी पाठवून त्या थेट ड्यूटीवर गेल्या.