न टाकलेल्या खापऱ्या

चुलीवर आधण गप बसलं की माझ्या छातीत अजून धडधडतं. खदखदत असलं की जीव थाऱ्यावर राहतो.

निजामाच्या राज्यात मी बीडच्या शाळेत शिपाई होतो. काळं अक्षर मला म्हशीबराबर, पण तेजाबाच्या खोलीची किल्ली माझ्याच कमरेला. काचेच्या चंबूत तेजाब तापवायच्या आधी आत मडक्याच्या दोन खापऱ्या टाकायच्या, हे माझं काम. "त्यानं उकळी शिस्तीत येती, न्हाईतर अंगावर उसळती," मास्टरसाब सांगायचे.

त्या दिवशी त्यांच्या घरी पोरगा झालता. आमच्यात फुटकं मडकं मयताचं. म्हणलं, आज कावून अपशकुन करायचा? आमी पडलो लई शहाणे. खापऱ्या खिशातच ठेवल्या.

तेजाब तापलं, पण हलंना. आंबूस वास तेवढा नाकात चढला. "अजून कावून उकळंना?" म्हणत मास्टरसाब वाकले, आन् चंबू तोफेवानी उडाला.

मी त्यांच्या तोंडावर पाणी मारत होतो. त्यांनी विचारलं, "खापऱ्या टाकल्यास ना रे?"

"टाकल्या, साब."

"मंग माझंच कायतरी चुकलं."

त्यांचा एक डोळा गेला. उरलेल्या डोळ्यानं ते माझ्याकडं बघून पहिल्यासारखंच हसायचे.

आता मी चहाच्या आधणातबी खापऱ्या टाकतो. बायको म्हणती, "मेल्यावर फोडतीलच की मडकं, आत्तापासून कावून घाई?" मीबी हसतो. त्या खापऱ्या कोणत्या, हे तिला अजून सांगितलं न्हाई.