माईला पुन्हा पुन्हा सांगताना

शेजारच्या दुकानदाराने हाक मारली, “वहिनी, पेणवरून फोन हाय,” आणि रिसीव्हर कानाला लावायच्या आधीच मी समजले. माझी थोरली बहीण माई गेली. त्याला आता दीड महिना होत आला. रडून झालंय. उरलंय ते नवल... आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय जिवाला चैन नाही.

माई पेणला पोह्याचे पापड करायची. तोंडाने फटकळ. लाटायला येणाऱ्या बायकांना दमात घ्यायची आणि दुपारी त्यांनाच आग्रह करकरून वाढायची. पन्नाशीही गाठली नव्हती, तेव्हा छातीत गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी कॅन्सर म्हणून सांगितलं आणि मी रोह्याहून तिला धीर द्यायला आलेली, मीच मटकन खाली बसले. माईने मला हात देऊन उठवलं. मग म्हणाली, “आला तर आला मेला. तू सकाळपासून काय खाल्लंस गो?” मला वाटलं, माझ्यासाठी उसनं अवसान आणतेय. कॅन्सरला कोण घाबरत नाही हो?

ऑपरेशन झालं, औषधं झाली, गेलेले केस परत आले. आणि दोनेक वर्षांनी पापड बिघडले. पीठ मळताना पापडखार घातलेला विसरून तिने पुन्हा घातला. तळल्यावर पापड लाल, खाल्ल्यावर जीभ चरचरली. माईच्या पापडाला पेणमध्ये लोकांनी नावं ठेवली! मग एकदा बाजारातून घरी यायचा रस्ताच तिला सापडेना. तिचा मुलगा सुधीर आणि मी तिला पुन्हा मुंबईला नेलं. “त्या कॅन्सरनेच डोक्यात काही केलं का?” मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “त्या औषधांनी काहींना विसरायला होतं, पण हे त्याहून जास्त आहे. हा स्मृतिभ्रंश. म्हातारपणी येतो, यांना फार लवकर आलाय. दोन्हींचा संबंध आहे का, मला खरंच सांगता येणार नाही.” मला असा राग आला! एकाच बाईला दोन-दोन कशाला?

पुढे तर ती कॅन्सरच विसरली. मी तिच्याकडे राहायला गेले होते. आंघोळ घालताना तिने छातीवरचा व्रण पाहिला आणि दचकली. “हे काय झालं गो?” गळू होतं म्हणून सांग, असं सुधीरने मला बजावलं होतं. मी तसं सांगितलं. तर ती थरथरायलाच लागली. “गळवाला एवढं कापतात व्हय? काय लपवताय माझ्यापासून?” हातातला तांब्या खाली ठेवून मी खरं सांगून टाकलं. तिची थरथर थांबली. मग म्हणाली, “आला तर आला मेला. तू काय खाल्लंस गो?”

अहो, अंगावर काटा आला माझ्या. नंतर कितीदा तरी हे असंच झालं. दर वेळी तिला ती बातमी पहिल्यांदाच कळायची आणि दर वेळी ती तशीच ताठ. उसनं अवसान असतं तर कधीतरी संपलं नसतं का? आणि दाखवणार कुणाला? काल आपण कसे वागलो, हेही तिला आठवत नव्हतं. ज्या बहिणीबरोबर एका ताटात जेवले, तिच्यात एवढं बळ होतं आणि मला पत्ताच नाही!

मग कॅन्सर परत आला, यकृतात उतरला. सुधीर म्हणाला, “मावशी, आता नको सांगूस. तिला कळणार पण नाय.” मी ऐकलं त्याचं. शेवटची भेटायला गेले तेव्हा तिने मला ओळखलंच नाही. उशाशी बसले आणि मला रडू आवरेना. तिने चाचपत माझा हात धरला.

“कोण आजारी हाय गो बाय तुझं?”

“बहीण.”

“बरी होणार ना?”

“नाय.”

“तिला सांगितलंस?”

मी मान हलवली... नाही म्हणून.

“सांग गो,” माई म्हणाली. “ती नाय घाबरायची. तूच घाबरतेस.”

मग मी तिला सांगितलं.