हात केला की थांबणारी जीप

आमच्या साडूंपेक्षा भिडस्त माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात कुठं असेल तर मला दाखवा, मी त्याच्या पाया पडेन आणि लगेच पळ काढीन. हे साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीचे यजमान. युसूफ वडगाव या गावात खताचं दुकान, घरची जमीन, आणि पन्नाशी उलटल्यावर एकाएकी पीएच.डी.चं खूळ. विद्यापीठ चांगलं तीन-चार तासांच्या वाटेवर, वर्ग आठवड्यातून दोनदा. मग जायचं ते एस्टीनं की स्वतःच्या जीपनं, यावर त्यांनी दुकानात बसून इतका काथ्याकूट केला, की युरिया न्यायला आलेली माणसंही मत देऊन जाऊ लागली.

तुम्हाला वाटेल, जीप लवकर पोचवते. छे! साडूंची जीप म्हणजे जो हात करील त्याची. एकदा तर नांदूरघाटच्या एका गृहस्थाला शेळीसकट लेकीच्या दारात उतरवून, तिथला चहा पिऊन साडू विद्यापीठात पोचले, तेव्हा शिपाई कुलूप लावत होता. वर प्रत्येक प्रवाशाला सगळं पुराण ऐकवायचं. हजेरी किती भरली, किती बुडाली, आणखी एक दिवस बुडाला तर नाव कसं कटणार. शेवटी निकाल एस्टीच्या बाजूनं लागला. "कंडक्टरला न्हाई म्हणता येतं, म्हणून मी येळेवर पोचतो," असं ते मोठ्या आदरानं सांगत.

पण शेवटच्या वर्गाच्या दिवशीच घात झाला. खिडकीतून रुमाल टाकून साडूंनी जागा धरली, तेवढ्यात स्टँडवर एक पाहुणा भेटला आणि त्याला चहाला नाही म्हणणं जमेना. रुमाल वेळेवर विद्यापीठाकडे निघाला, साडू राहिले. मग त्यांनी जीप काढली आणि मला ओढून शेजारी बसवलं.

"पाव्हणं, आज नाव कटलं तर लई बेइज्जती हाय. मला न्हाई म्हणता येत न्हाई. तुमी म्हणा."

मी चेहरा कडक करून बसलो. मुळात स्वभाव तापट, त्यामुळं असल्या कामाची मला हौसच. पण मांजरसुंबा आलं तरी एक हात वर होईना. फाट्याफाट्यावर माणसं उभी होती, पण जीप ओळखून लांबूनच 'जा, जा' अशी खूण करत होती. साडूंचं तोंड उतरत चाललं.

पालीच्या थांब्यावर त्यांची नेहमीची म्हातारी उन्हात उभी होती. डोळे दाखवायला बीडला जायची. गाडीच्या आवाजासरशी तिचा हात वर आला आणि साडूंचा पाय ब्रेकवर गेला. मग तिला जीप कुणाची ते कळलं. तिनं हात पदराखाली घेतला आणि आमच्याकडं चक्क पाठ केली.

"थांबू नका," मी म्हणालो. तेवढ्यासाठीच तर मला आणलं होतं. साडू थांबले नाहीत. बीड मागं पडलं तरी नुसतं नाक ओढत होते.

सही झाली, तीही एस्टी पोचायच्या आधी. नाव वाचलं. संध्याकाळी परतताना त्यांनी पालीला जीप थांबवली. म्हातारी आता कशाला असेल तिथं? तसं मी म्हणालोही. साडू उतरले, मागचं दार उघडलं आणि ती उभी होती तिथं जाऊन उभे राहिले.

"मी थांबू नये म्हणून तिनं पाठ केली," ते म्हणाले. "आन् मी थांबलोबी न्हाई."

थांबू नका हे मी म्हणालो होतो. ते मात्र साडूंनी आजवर एकदाही काढलं नाही.