इन्सुलिन हजर, जेवण लेट

"काका, तुमचं पोट आळशी झालंय," डॉक्टर म्हणाले. आमची ही लगेच म्हणाली, "नुसतं पोटच नाही हो, डॉक्टर."

आजाराचं नाव गॅस्ट्रोपॅरेसिस. म्हणजे पोटाचे स्नायू नीट हलत नाहीत, अन्न पुढे सरकत नाही. बरीच वर्षं मधुमेह असला की नसा बिघडून असं होऊ शकतं. तपासणीत मला औषध मिसळलेली इडली खायला घातली आणि चार तास पोटाचे फोटो काढले. शेवटच्या फोटोतही अर्धी इडली पोटातच. खोपटच्या एसटी डेपोत मी तीस वर्षं कंट्रोलर होतो, पण इतकी लेट गाडी नोकरीत पाहिली नव्हती.

मग सगळा उलगडा झाला. मी जेवणाआधी इन्सुलिन घ्यायचो. ते वेळेवर कामाला लागायचं, जेवण मात्र पोटात अडकलेलं. साखर धाडकन खाली. दोन-तीन तासांनी जेवण पुढे सरकलं की तीच साखर आभाळाला. वर मळमळ आणि उलट्या.

अशाच एका दुपारी नात ईराला कोपरीतल्या बालवाडीतून आणताना साखर उतरून मी फुटपाथवर कोसळलो. साडेचार वर्षांची पोर माझ्याशेजारी बसून रडत होती. दुसऱ्या दिवसापासून सूनबाई ऑफिसातून धावतपळत येऊन स्वतः ईराला आणू लागली. आजारापेक्षा मला तेच जास्त लागलं.

औषधांनी भागेना, तेव्हा गॅस्ट्रिक स्टिम्युलेटर बसवला. पोटाच्या कातडीखाली बॅटरीचं छोटं यंत्र आणि जठराच्या स्नायूत त्याच्या दोन वायरी. ते जठराला हलके झटके देतं, मला काही जाणवत नाही. शेजारचे नाना भेटायला आले आणि माझ्या पोटाकडे बघत म्हणाले, "चार्जिंगला कधी लावता?"

उलट्या थांबल्या, पण साखर तीनशेच्या वर.

"हे यंत्र साखर उतरवत नाही, काका," डॉक्टर म्हणाले. "मळमळ कमी करतं. तुमचं अन्नही आता लवकर पुढे जातंय, म्हणून इन्सुलिनची वेळ आणि डोस पुन्हा बसवावा लागेल. गोडबिड काही?"

"छे, छे!" मी म्हणालो.

बरोबर आलेल्या सूनबाईने माझ्या खाण्याची वही उघडली. "सकाळी आईंनी चमचाभर साखर. जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा लाडू. वॉचमनची लिमलेटची गोळी. नानांचे दोन पेढे."

मी रस्त्यात पडल्यापासून अख्ख्या सोसायटीने मला वाचवायचा विडा उचलला होता. मीही कुणाचं मन मोडलं नव्हतं.

"पोटाचं मी बघतो," डॉक्टर म्हणाले, "सोसायटीचं तुम्ही बघा."

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर यंत्र बसलं म्हणजे सुटलो असं समजू नका. डोस आपल्या मनाने चालू ठेवू नका, बदलूही नका. साखर मोजा, लिहा, डॉक्टरांना दाखवा. आणि प्रेमाने आलेला पेढा हात जोडून परत करा. मला हे जमायला दीड महिना लागला.

मग एका सकाळी सूनबाईने वही चाळली आणि मिटली. "बाबा, आज ईराला तुम्ही आणा."

साखर मोजली, खिशात ग्लुकोज टाकलं आणि अर्धा तास आधीच बालवाडीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. ईरा धावत आली. माझा हात तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि म्हणाली, "आबा, घाबरू नका हां. मी नेते तुम्हाला घरी."